मागच्या खोलीतले भांडण

आपल्या वाचनालयाची मागची खोली रविवारी दुपारी काही तरुण मुलामुलींना खेळण्यासाठी दिली जाते. ती यापुढे देऊ नये, असा ठराव कार्यकारिणीच्या येत्या बैठकीपुढे आहे. ठराव मांडणारे सभासद माझे चाळीस वर्षांचे स्नेही असून त्यांच्या वाङ्मयप्रेमाविषयी कोणाला शंका नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मुले खेळली असती तर हरकत नव्हती, परंतु ती खेळतच नाहीत. राक्षस, मांत्रिक आणि भुयारे यांच्या एका परदेशी खेळाचे पुस्तक उघडून त्यातल्या एकेका वाक्याच्या अर्थावरून ती तासतासभर भांडतात. ज्या खोलीत एके काळी ज्ञानेश्वरीवर प्रवचने झाली, त्या खोलीला हा पोरखेळ शोभत नाही.

या ठरावाला माझा विरोध आहे. मात्र 'मुलेच ती, खेळू द्या' असा दयेचा अर्ज मी करीत नाही. खेळ चालेल, भांडण नको, असे माझे स्नेही म्हणतात. मला त्या खेळातले भांडणच सर्वांत मोलाचे वाटते, आणि खोली द्यायची ती त्यासाठीच द्यावी असे माझे मत आहे. माझा नातू त्या मुलांत आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. हितसंबंध लपवून बाजू मांडू नये. शिवाय दिवाणी न्यायालयात मी पस्तीस वर्षे वकिली केली. दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्याचा अर्थ लावणे हाच माझा पोटाचा धंदा होता. तेव्हा या विषयात मला थोडेफार कळते, असे समजण्यास हरकत नसावी.

प्रथम खेळ काय आहे ते पाहू. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते दोघे : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, आणि पहिली छपाई एक हजार प्रतींची. या खेळात पट लागतोच असे नाही. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक 'डन्जन मास्टर' होतो. आपण त्याला सूत्रधार म्हणू. उरलेल्यांपैकी प्रत्येकजण एक पात्र घेतो : कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जेथे यश अनिश्चित असेल तेथे वीस बाजूंचा फासा पडतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढे सरकत राहते.

बुद्धिबळात घोड्याने अडीच घरे जावे, एवढे सांगितले की घोड्याविषयीचे सारे सांगून झाले. येथे तसे नाही. समोर बंद दार असेल तर खेळाडू ते फोडीन म्हणेल, जाळीन म्हणेल, पहारेकऱ्याला लाच देईन म्हणेल, नाहीतर दारापाशी बसून गाणे म्हणेन म्हणेल. हे सारे आधी कल्पून नियम लिहून ठेवणे कोणत्याही ग्रंथकाराला शक्य नाही. म्हणून या खेळात नियमाचा अर्थ लावावा लागणे हा ग्रंथाचा दोष नव्हे. खेळाची घडणच तशी आहे.

आता ज्या भांडणामुळे हा ठराव आला, त्याकडे वळतो. त्या रविवारी मी शेजारच्याच दालनात वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो, त्यामुळे पुढचा वृत्तांत ऐकीव नाही. मुलांकडे २०१४ सालच्या आवृत्तीचे पुस्तक आहे. खेळात एक शत्रू अदृश्य झाला होता. अदृश्यतेच्या नियमाची दोन कलमे आहेत. पहिले कलम असे की, अदृश्य प्राणी मंत्राच्या किंवा विशेष इंद्रियाच्या साहाय्याशिवाय दिसत नाही. दुसरे असे की, त्याच्यावर वार करणाऱ्याने दोन फासे टाकून लहान आकडा धरावा, आणि त्याने स्वतः वार करताना दोन टाकून मोठा धरावा. हा फरक किरकोळ नाही. ज्याला अकरा किंवा अधिक हवे आहेत त्याची आठ आण्यांची संधी पहिल्या प्रकारात चार आण्यांवर येते आणि दुसऱ्या प्रकारात बारा आण्यांवर जाते.

गटात मांत्रिकाचे पात्र घेतलेली एक मुलगी आहे. तिने आधीच असा मंत्र टाकला होता की, अदृश्य गोष्टी दृश्य असल्याप्रमाणे आपल्याला दिसाव्यात. तिचा प्रश्न सरळ होता : शत्रू मला दिसतो आहे, मग मी लहान आकडा का धरायचा?

योद्ध्याचे पात्र घेतलेला मुलगा म्हणाला, "अगं, मंत्राने फक्त पहिलं कलम गेलं. दुसरं तसंच आहे. त्यात 'न दिसणाऱ्या' असा शब्दच नाही." त्याने आणखी एक मुद्दा काढला, आणि तो ऐकून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. तो म्हणाला की, याच पुस्तकात दुसरा एक मंत्र आहे, ज्याने शत्रूभोवती प्रकाशाची कड उमटते. त्या मंत्रात 'अशा प्राण्याला अदृश्यतेचा लाभ मिळणार नाही' असे स्पष्ट लिहिले आहे. ग्रंथकाराला जेथे लाभ काढून घ्यायचा होता तेथे त्याने तसे म्हटले. येथे म्हटले नाही, अर्थात येथे काढून घ्यायचा नव्हता. हा युक्तिवाद न्यायालयात रोज केला जातो आणि पुष्कळदा यशस्वी होतो. त्या मुलाने कायद्याचे पान कधी उलटलेले नाही.

मुलीने उत्तर दिले. प्रकाशाचा मंत्र शत्रूला सगळ्यांसमोर उघडा पाडतो, म्हणून तेथे त्याचा लाभ सरसकट काढावा लागला. माझा मंत्र मला एकटीलाच दृष्टी देतो. इतरांच्या दृष्टीने शत्रू अदृश्यच राहतो. मग सरसकट लाभ काढणारे वाक्य या मंत्रात येईलच कसे? आणि 'दृश्य असल्याप्रमाणे' या शब्दांचा अर्थ काही उरणार आहे की नाही? या टप्प्याला आवाज चढले, आणि नेमके त्याच वेळी आमचे स्नेही पुस्तक बदलायला आत आले.

मला विचाराल तर त्या टेबलावर मीमांसा चालली होती. आपल्या पूर्वजांनी वाक्यार्थ लावण्याचे एक संपूर्ण शास्त्र उभारले. जैमिनीच्या सूत्रांत श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणे सांगितली असून त्यांत विरोध आला तर आधीचे नंतरच्यापेक्षा बलवान, असा क्रमही लावून दिला आहे. मुलगा श्रुतीचा, म्हणजे प्रत्यक्ष शब्दाचा आधार घेत होता. आणि तो दुबळा आधार नव्हे. मुलगी एकवाक्यतेचा आधार घेत होती : एकाच शीर्षकाखालची, एकाच प्रयोजनाची दोन कलमे तोडून वाचली तर वाक्यभेदाचा दोष येतो, वार चुकण्याची शक्यता वाढते ती शत्रू दिसत नाही म्हणूनच. कावळ्यांपासून दही राख, असे सांगितलेल्या मुलाने कुत्र्याला दही खाऊ द्यावे काय, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी शतकांपूर्वी विचारला. कावळा हा शब्द तेथे दही खाणाऱ्या सर्वांसाठी आहे, हे ज्याला कळत नाही त्याला शब्द कळला पण वाक्य कळले नाही, असे ते म्हणत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासात या शास्त्राचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. ते खंड आपल्या वाचनालयात आहेत. त्यांच्यावरची धूळ मी स्वतः पुसली, म्हणून ठामपणे सांगतो : गेल्या कित्येक वर्षांत या इमारतीत मीमांसा कोणी केली असेल तर ती याच मुलांनी.

येथवर मुलांची बाजू घेतली. आता त्यांच्यातल्या एका सवयीवर टीका करतो, कारण या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

वाद रंगात असता तिसऱ्या मुलाने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "भांडता कशाला? कंपनीनं उत्तर दिलेलं आहे." ते खरे होते. या प्रश्नावर खेळाच्या तेव्हाच्या मुख्य नियम-रचनाकाराने, जेरेमी क्रॉफर्ड यांनी, अक्षरार्थाची बाजू उचलून धरली होती. दुसरे कलम स्वतंत्र आहे. शत्रू दिसला तरी त्याचा लाभ कायम राहतो. क्षणभर टेबल गप्प झाले. मुलगी हरल्यासारखी दिसली. तिच्या एकाही कारणाला उत्तर मिळाले नव्हते. फक्त मोठ्या माणसाचे नाव आले होते.

ही सवय या खेळाइतकीच जुनी आहे. 'ड्रॅगन' नावाच्या मासिकात १९७९ पासून वाचकांच्या नियमविषयक शंकांना उत्तरे देणारे सदर सुरू झाले आणि पुढे ते दशकानुदशके चालले. नंतर ट्विटर आले आणि रचनाकाराचे एकेक वाक्य जगभरच्या टेबलांवर प्रमाण मानले जाऊ लागले. शेवटी २०१९ साली कंपनीलाच सांगावे लागले की, अशी सुटी विधाने म्हणजे अधिकृत निर्णय नव्हेत. संकलनात छापले जाईल तेवढेच अधिकृत. म्हणजे ज्यांनी त्या वाक्यांच्या आधारे मित्रांची तोंडे बंद केली, त्यांच्या हाती शेवटी सल्लाच राहिला.

आणि ग्रंथकाराच्या मनातले विचारायचे म्हटले, तर कोणत्या दिवशीच्या मनातले? १९७४ च्या पुस्तिकांचा शेवट करताना कर्त्यांनी वाचकाला सांगितले की, पुढची कल्पना तुम्हीच करा, तुमच्यासाठी ती आम्ही कशाला करावी? पुढे १९७७ ते १९७९ या काळात 'अॅडव्हान्स्ड' नावाचे मोठे ग्रंथ निघाले, आणि हेच गायगॅक्स आग्रह धरू लागले की, खेळ सर्वत्र एकसारखा खेळला जावा, मनास येईल तसे बदल करणाऱ्याने आपल्या खेळाला या नावाने संबोधू नये. त्याच ग्रंथमालेतील १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथाच्या अखेरीस तेच लिहितात की, महत्त्व नियमाच्या अक्षराला नसून खेळाच्या आत्म्याला आहे. एकाच माणसाने पाच वर्षांत ही तीन मते दिली, आणि तिन्हींमागे त्याची कारणे होती. मग 'कर्त्याचा हेतू' या नावाने आपण नेमके काय प्रमाण मानणार?

कायद्याचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याला पिंजऱ्यात उभे करून 'लिहिताना आपल्या मनात काय होते' असे न्यायालय विचारीत नाही. त्याचे कारण त्याचा अनादर हे नव्हे. त्याच्या मनातले जे शब्दांत उतरले नाही, त्याचे बंधन लोकांवर कसे घालणार? मीमांसकांची स्थिती तर याहून बिकट होती. वेद अपौरुषेय मानल्यावर कर्ताच उरला नाही. शंका आली तर पत्र पाठवायला पत्ता नाही. माझी समजूत अशी की, त्या अडचणीनेच त्यांना अर्थनिर्णयाची इतकी काटेकोर साधने घडवायला लावली. कर्ता हाताशी असता, तर आपले शास्त्रकार त्याला विचारून मोकळे झाले असते आणि कावळ्याचे उदाहरण सुचायची गरजच कोणाला पडली नसती.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. अक्षरालाच चिकटून बसणारे लोक या खेळाचे काय करतात, याचे एक उदाहरण जगभरच्या खेळाडूंत प्रसिद्ध आहे. लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. त्या फेरीत प्रत्येकाला 'अमुक झाले की मी तमुक करीन' अशी तयारी ठेवता येते. मग पाच पाच फुटांवर दोन हजार शेतकरी एका रांगेत उभे करावेत, आणि प्रत्येकाने हाती आलेला भाला पुढच्याला द्यायची तयारी ठेवावी. नियमाप्रमाणे भाला सहा सेकंदांत रांगेच्या टोकाला पोहोचतो. दहा हजार फूट, म्हणजे तीन किलोमीटर. सेकंदाला सुमारे पाचशे मीटर, ध्वनीहून वेगवान! तेव्हा शेवटच्या शेतकऱ्याने फेकलेल्या भाल्याने किल्ल्याची भिंत फुटली पाहिजे.

यातली लबाडी पाहण्यासारखी आहे. भाला टोकापर्यंत न्यायचा तो नियमाच्या अक्षराने, आणि पोहोचल्यावर भिंत फोडायची ती पदार्थविज्ञानाने. अक्षर मानायचे तर फेकलेल्या भाल्याचे जे किरकोळ नुकसान पुस्तकात दिले आहे तेच घ्यावे लागेल. निसर्गनियम मानायचा तर भाला तिसऱ्या शेतकऱ्याच्या हातूनही इतक्या त्वरेने पुढे जाणार नाही. दोन डगरींवर पाय ठेवणारा हा युक्तिवाद इतका पसरला की, २०२४ च्या सूत्रधार-ग्रंथात त्याची नाव न घेता दखल घ्यावी लागली. खेळाचे नियम म्हणजे विश्वाचे भौतिक नियम नव्हेत, असे तेथे बजावले आहे. अशी भांडणेही त्या खोलीत होतात, हे मी मान्य करतो. पण ती हाकलून देऊन संपत नाहीत. कोणीतरी शांतपणे 'तुझे दोन पाय कुठे आहेत ते बघ' असे दाखवून दिले की संपतात. आणि हे दाखवण्याचा सराव दुसरीकडे कुठे मिळणार?

मग शेवटचा शब्द कोणाचा? माझे उत्तर असे की, त्या टेबलावर बसलेल्या सूत्रधाराचा, मात्र अटींसह. हा प्रश्नही नवा नाही. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील धाकट्या फॉन राइसविट्झने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात फासे होते, कोष्टके होती आणि निवाडा करणारा पंच होता. कोष्टके पुढे इतकी वाढली की पंच त्यांतच बुडून जाई. म्हणून १८७६ साली फॉन व्हर्दी यांनी कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर चालणारा मुक्त खेळ पुरस्कारला. त्या परंपरेचे धागे अमेरिकेत गेले. टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याच्या १८८० च्या युद्धखेळाच्या ग्रंथातून मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली यांना पंचाच्या व्यापक अधिकाराची कल्पना मिळाली. १९६९ मध्ये त्यांनी मांडलेल्या खेळात आर्नेसन खेळले, आणि तेथून आजच्या सूत्रधाराचा जन्म झाला. तात्पर्य, नियम आणि विवेक यांचा हा झगडा दोनशे वर्षांचा आहे. मात्र फॉन व्हर्दी यांची पद्धत चालायची ती पंच अनुभवी आणि विश्वासू असेल तरच. लहरी पंचापेक्षा जाडजूड कोष्टक बरे, हे मी विनातक्रार कबूल करतो.

म्हणूनच अटी. पहिली अट, सूत्रधाराने दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात, परंतु खेळ अडवून धरू नये. निर्णय तत्काळ द्यावा आणि उरलेला वाद खेळानंतर घालावा. दुसरी, निर्णयाबरोबर कारण द्यावे. 'मी म्हणतो म्हणून' हे कारण नव्हे. तिसरी, निर्णय लिहून ठेवावा आणि पुढच्या वेळी तोच पाळावा. तो बदलायचा असेल तर आधी सांगून बदलावा, लढाईच्या मध्यात नव्हे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, जो नियम खेळाडूंना तोच शत्रूला. या चार अटी पाळणाऱ्या टेबलाला कोणत्याही कंपनीच्या पत्राची गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येक टेबलाने आपापला अर्थ लावला तर एकाच नावाचे शंभर खेळ होतील. स्पर्धा भरवायची कशी? स्पर्धेपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. गायगॅक्स यांच्या एकसारखेपणाच्या आग्रहामागेही स्पर्धांची निकड होती. अनोळखी माणसे एकत्र येऊन खेळतात तेथे छापील नियमच दोघांच्या ओळखीचा असतो. पण घरचा खेळ ही स्पर्धा नव्हे. आपल्यापैकी कोणाच्या घरी बदाम सात खेळताना वाद झाला नाही? हातात लागणारे पान असूनही 'पास' म्हणता येते की नाही, यावर आमच्या आजोळी एक रीत होती आणि वडिलांकडे दुसरी. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी ते ठरवून घ्यावे लागे. म्हणून दोन्ही घरचा बदाम सात बंद पडला नाही.

शिवाय एकाच ग्रंथाचे ठिकठिकाणी वेगळे अर्थ होणे, ही आपल्याला नवलाची गोष्ट असू नये. याज्ञवल्क्यस्मृती एकच, पण विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने एक दायविभाग दिला आणि बंगालात जीमूतवाहनाने दुसरा. महाराष्ट्रात मिताक्षरा वरचढ. तर गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मतभेद झाला की नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखाला अग्रमान. १९५६ चा वारसा कायदा येईपर्यंत हे भेद न्यायालयांत जिवंत होते. इतकेच नव्हे, तर एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेलेले कुटुंब आपला मूळचा संप्रदाय बरोबर घेऊन गेले, असे न्यायालये गृहीत धरीत. त्याने तो सोडून नव्या प्रांताचा स्वीकारला असे जो म्हणेल, त्याने ते सिद्ध करायचे. आपल्यासारख्या पिढ्यान्पिढ्या बाहेर राहिलेल्या घरांना यातले मर्म उलगडून सांगायला नको. नियम आपण बरोबर आणले, येथे त्यांचा अर्थ लावला, काही राखले, काही समजून उमजून सोडले.

पण ती धमक आपल्यात अजून आहे का, असा प्रश्न मला त्या रविवारी पडला. आपल्या पत्रिकेत अनुच्चारित अनुस्वार ठेवावेत की नाहीत, यावर मागे दोन बैठका झाल्या. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या नियमांनी ते काढून टाकले. आपल्यातले काही वयोवृद्ध लेखक ते अजून देतात. बैठकीत त्या अनुस्वारांचे प्रयोजन काय, ते गेल्याने एकवचन-अनेकवचनाची कोणती खूण पुसली, छापण्याची सोय किती झाली, यावर कोणी बोलले नाही. 'पुण्याला विचारून घेऊ' असे ठरले आणि चहा आला. उत्तर काय आले, हा मुद्दा गौण आहे. फोन काढून 'कंपनीनं उत्तर दिलेलं आहे' म्हणणाऱ्या मुलात आणि आपल्यात मला तरी फरक दिसला नाही. फरक असलाच तर इतका की, त्या टेबलावर निदान आधी भांडण झाले होते.

आता त्या भांडणाचा शेवट सांगतो. सूत्रधार माझा नातू होता. त्याने फोनवरचे उत्तर वाचून घेतले, परत केले आणि निर्णय मुलीच्या बाजूने दिला. मुलाच्या प्रकाशाच्या मंत्रावरच्या मुद्द्याला त्याने तिचेच उत्तर ग्राह्य धरले, आणि एका जाड वहीत चार ओळी लिहिल्या.

घरी येताना मी त्याला विचारले, "कंपनीचं मत डावललंस, धाकधूक नाही वाटली?"

तो म्हणाला, "आजोबा, २०२४ च्या नव्या पुस्तकात त्यांनी स्वतःच ते कलम बदललंय. ज्याला तो दिसतो त्याच्याविरुद्ध लाभ नाही, असं आता स्पष्ट लिहिलंय."

"मग तिथेच का नाही सांगितलंस? वाद एका वाक्यात मिटला असता."

"नवं पुस्तक आमच्या टेबलावर नाही ना. आम्ही जुन्यावरून खेळतो. मला जुन्यावरूनच सांगता यायला हवं होतं. आणि ते सांगितलं असतं, तर तिचं म्हणणं बरोबर होतं म्हणून ती जिंकली असं झालं नसतं. कंपनीनं मत बदललं म्हणून जिंकली, असं झालं असतं."

नंतरची दुरुस्ती जुन्या कायद्याचा अर्थ स्पष्ट करते की तो बदलते, यावर मी आयुष्यात अनेक दिवस वाद घातले आहेत. इतक्या थोडक्यात तो मुद्दा मला कधी मांडता आला नव्हता. आणि हेही ध्यानात घ्यावे की, दहा वर्षे जी टेबले आपल्या विवेकाने चालली, त्यांनी लावलेल्या अर्थालाच अखेर ग्रंथाने मान्यता दिली. आज्ञाधारक टेबले मात्र दहा वर्षे चुकीचा फासा टाकीत राहिली.

ती वही मी नंतर मागून घेऊन पाहिली. अडीच वर्षांत एकसष्ट निर्णय आहेत. प्रत्येकाखाली कारण आहे, आणि सात ठिकाणी जुना निर्णय खोडून का बदलला तेही लिहिले आहे. अदृश्य शत्रूच्या निर्णयाखाली नातवाने लिहिले आहे : 'शत्रूलाही हेच लागू.' पुढच्याच रविवारी त्याचा प्रत्यय आला. या वेळी त्या मुलीचेच पात्र अदृश्य होऊन निसटू पाहत होते, आणि शत्रूपक्षातल्या मांत्रिकाने तोच, अदृश्य गोष्टी दाखवणारा मंत्र टाकला. सूत्रधाराने वही उघडून तिच्यापुढे सरकवली. तिने आपल्याच युक्तिवादाने मिळवलेला निर्णय वाचला, वही मिटली आणि "टाक फासा" एवढेच म्हणाली.

माझ्या स्नेह्यांच्या ठरावाविरुद्ध मी मत देणार आहे. त्याबरोबर एक उपसूचनाही मांडीन : खोली मुलांकडे राहावी, काण्यांचे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड पुढच्या कपाटातून काढून त्या खोलीत ठेवावेत, आणि अनुस्वारांचा विषय पुन्हा बैठकीपुढे येईल तेव्हा कार्यकारिणीनेही एक वही घालावी. पहिल्या पानावर काय लिहायचे, यावर आपण अवश्य भांडू.